माजलगावचा नकाशा मुलांनी काढावा

दहावीच्या भूगोलात नकाशाचा प्रश्न असतो. बाह्यरेषा छापून येते, मुलांनी त्यात चिन्हं आणि सूची भरायची. चित्रकलेचा तास वेगळा, एलिमेंटरीची तयारी वेगळी. हे दोन तास शाळेत एकमेकांना भेटतच नाहीत. माजलगावात तरी ते भेटावेत, कारण इथला भूगोल छापील बाह्यरेषेत मावत नाही.

आपलं धरणच घ्या. ते आहे सिंदफणेवर, पण जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने गोदावरीचं पाणी त्यात येतं. म्हणजे एका नदीचं पाणी दुसरीच्या धरणात. पुढे हीच सिंदफणा मंजरथला गोदावरीत मिळते! पाठ्यपुस्तकात हे सगळं नखाएवढ्या निळ्या रेघेत संपतं. सातवीतल्या मुलीने मोठ्या कागदावर हा फेरा एकदा रंगवला, तर धरण म्हणजे काय हे तिला पाठ करावं लागणार नाही.

किंवा ऊसतोड. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यांच्यासोबत गेलेलं मूल परतल्यावर 'अभ्यास बुडालेलं' म्हणून मागच्या बाकावर बसतं. त्याला सांगा, गेलेली वाट काढ. घाट, नद्या, कारखाना, फड, खोपी. वर्गातला सगळ्यात मोठा नकाशा त्याचाच होईल.

आता आपल्या घरातली अडचण. काही घरांत चित्र म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात. माणूस-जनावर काढणं नको म्हणून मुलीला चित्रकलेच्या परीक्षेला बसू देत नाहीत. मला हे पटत नाही, पण हा वाद मिटेपर्यंत मुलीने हात बांधून बसायचं का? नकाशात नदी, विहीर, गल्ली असते. त्याला कुणाची हरकत? अल-इद्रिसीने ११५४ मध्ये सिसिलीच्या राजा रॉजरसाठी जगाचा नकाशा पूर्ण केला, त्यात दक्षिण वर आहे. त्याच्या साधारण दोनशे वर्षं आधी इस्तखरीने समुद्र आणि नद्या वर्तुळांत, सरळ रेघांत मांडल्या. मोजमापापेक्षा समजुतीचे नकाशे होते ते. जवळचं उदाहरण हवं तर बीडची निजामशाहीतली खजाना विहीर आहे. तिथे सहल नेता, तर सोबत कागदही न्या. पाणी जमिनीखालून कसं आणलं, हे मुलांना काढू द्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून सांगतो: फोनवरचा नकाशा वाट शोधणाऱ्यासाठी असतो. मोहल्ल्यातली तुंबलेली गटार, बंद पडलेला हातपंप, दिव्याविना राहिलेला कोपरा, मुली टाळतात ती गल्ली त्यात दिसत नाही. मुलांच्या नकाशात हे सगळं येतं. असा नकाशा नगरपरिषदेच्या अर्जाला जोडा आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला 'बघू' म्हणून वाटेला लावता येतं, जागा दाखवणाऱ्या कागदाला तसं म्हणणं जड जातं.

सुट्टीतला एखादा रविवार, मोठे कागद, रंग आणि वस्तीतली वीस-पंचवीस मुलं, एवढं पुरे. फक्त उत्तर वरच हवी असा हट्ट धरू नका.