फुकटाचं कपाट कुणाचं?

दोस्तहो, फुकट म्हटलं की आपली मान आधी खाली जाते. फुकट म्हणजे भीक, फुकट म्हणजे पंगत उठल्यावर उरलेलं. पण मी ज्या फुकटाबद्दल बोलतोय ते मोबाइलवर येतं आणि त्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. कथा-कादंबऱ्या. पीडीएफ. ई-बुकं.

गोदीत जहाज उशिरा लागलं की रात्रपाळी नुसती बसून जाते. बाकीचे रील बघतात, मी वाचतो. पूर्वी एका वाचनालयात गेलो होतो. वर्गणी, वर डिपॉझिट, वर पत्त्याचा पुरावा. झोपडपट्टीचा पत्ता वाचून टेबलामागच्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत वाचून काढलं. पुन्हा गेलो नाही. तेव्हापासून माझं वाचनालय खिशात. काच तडकलेली, रोजचा दीड जीबी डेटा.

आणि ह्या खिशातल्या वाचनालयाचं कपाट उघडलं तर काय दिसतं? हरिभाऊ आपटे. नाथमाधव. साने गुरुजी. वाडा, ओसरी, तुळशीवृंदावन. आपला माणूस आलाच तर ओसरीखाली, हात जोडून, दोन ओळींपुरता.

हा योगायोग नाही, हिशोब आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा. लेखक मेल्यावर पन्नास वर्षं पुस्तकाला कुलूप. १९९२ साली ती साठ केली. आता कोण कधी गेलं ते मांडा. हरिभाऊ १९१९, नाथमाधव १९२८, साने गुरुजी १९५०. सगळे मोकळे. अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले. 'फकिरा' मोकळा होणार १ जानेवारी २०३० ला. बाबुराव बागुल गेले २००८ ला, म्हणजे २०६९. नामदेव ढसाळ २०१४, म्हणजे २०७५. तोवर माझी सत्तरी उलटलेली असेल. ज्यांना हजारो वर्षं अक्षर शिवू दिलं नाही ते उशिरा लिहायला लागले, म्हणून त्यांची पुस्तकं उशिरा सुटणार. कायदा सगळ्यांना सारखा! असेलही. कोण कुठून पळायला लागला हे तो विचारत नाही, एवढंच.

मग पोरं म्हणतात, टेलिग्रामवर सगळं मिळतं, घ्या ओढून. नाही दोस्तहो. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात चादर अंथरून जो आपला प्रकाशक बसतो, रात्रभर थंडीत पुस्तकं राखतो, त्याच्या पोटावर पाय देऊन कसली क्रांती? बड्या प्रकाशकांचं बडे बघतील. आपल्या लेखकाचं पुस्तक विकत घ्या. एक घ्या, दहांनी वाचा.

आणि वाड्यातलं कपाट फुकट आहे म्हणून त्याला पाठ दाखवू नका. मी नाही दाखवत. शत्रूच्या घराचा नकाशा फुकट मिळतोय तर सोडायचा का? आणि सगळाच काही शत्रू नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. विधवांचे हाल त्यात आहेत. आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो?' सोडू नका, बाईचं मरण आतून लिहिलंय. मामा वरेरकर १९६४ ला गेले, म्हणजे २०२५ पासून त्यांचं लिखाण मोकळं. त्यांची 'धावता धोटा' गिरणी कामगारांवरची. परळ-लालबागच्या पोरांनो, तुमच्या आज्याचा भोंगा आहे तो. स्कॅन शोधा, मला सापडला तर मीही कळवतो.

हिंदी येतं ना? प्रेमचंद १९३६ ला गेले, सगळे मोकळे. 'कफन' वाचा आणि भांडा. घिसू-माधव आळशी का दाखवले, यावर दलित लेखकांनी त्यांना फैलावर घेतलंय. पण न वाचता घेतलेलं नाही. इंग्रजी तोडकीमोडकी असली तरी वेल्सचं 'टाइम मशीन' घ्या. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून असली पुस्तकं फुकट वाटतंय. वर उजेडात खेळणारे, खाली अंधारात यंत्रं चालवणारे. विज्ञानकथा म्हणे! मला तर आमच्या जहाजाचं पोट आठवलं. शब्द अडला की त्यावर बोट दाबायचं, अर्थ येतो. तीन महिन्यांत संपवलं.

रहस्य, भूत, प्रेम हवं असेल तर ई साहित्य प्रतिष्ठान आहे. लेखकाची परवानगी घेऊन फुकट देतात, चोरी नाही. सरसनिरस दोन्ही आहे. पहिली दहा पानं वाचायची, नाही रुचलं तर पुढचं.

आता सरकार. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? फुल्यांचं समग्र वाङ्मय मंडळानंच छापलं. त्यातलं 'तृतीय रत्न' नाटक १८५५ चं, दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलेलं. आधी ते उतरवा. पण त्याच सरकारच्या राज्यात बाबासाहेबांच्या ग्रंथांची छपाई रखडली आणि २०२१ साली उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पुतळ्याला पैसा आहे, कागदाला नाही. तेव्हा अण्णा भाऊंसाठी २०३० ची वाट बघायची नाही. वारसांना रास्त मोबदला द्या आणि सगळ्या कादंबऱ्या आजच मोकळ्या करा, ही आपली मागणी. चांगल्या टाइपात, फोनवर दिसेल अशी. ऐंशी एमबीचं धुरकट स्कॅन नको.

आणि आपलं काय? नायगावच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. सामान हलतंय. माळ्यावरच्या पेट्यांत सत्तरच्या दशकातली अनियतकालिकं आहेत, त्यांत कथा आहेत, पुढं कधीच पुस्तकात न आलेल्या. काही रद्दीत गेली, काही हिंदमाताच्या पाण्यात. उरलेली काढा. लेखक हयात असेल तर त्याची सही घ्या, नसेल तर त्याच्या घरी जाऊन विचारा, मगच फोटो काढा. रविवारी सकाळी दहाला हिंदमाता पुलाखाली. फोन चार्ज करून या, पांढरी चादर आणा. मला दोनला पाळीवर जायचंय, तोवर आहे.