हौदा हवा की डिकी?

आमच्या मावसभावाची नाशिकजवळ चार एकर द्राक्षबाग आहे, पण संसार शहरातल्या सोसायटीत. जुनी गाडी विकायची ठरली आणि घरात दोन तट पडले. त्याच्या मनात डबल केबिनचा डिझेल पिकअप भरला होता. वहिनींना चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही हवी होती. "बागेला दणकट गाडी लागते," हा त्याचा मुद्दा. "आणि आईंना दवाखान्यात न्यायला?" हा वहिनींचा. मावशींच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

नाशिक असो, इंदूर, बेळगाव किंवा हैदराबाद, गावाकडे शेती आणि शहरात बिऱ्हाड असलेल्या कितीतरी घरांत हा वाद होतो. म्हणून आज दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहू. पिकअपमध्ये टोयोटा हायलक्स आणि छोट्या एसयूव्हीत टाटा नेक्सॉन डिझेल.

ताकद कशासाठी?

हायलक्समध्ये २.८ लिटरचं, सुमारे २०४ पीएस ताकदीचं इंजिन आहे आणि फोर-व्हील ड्राइव्हही. शिडीसारखी मजबूत चेसी, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. चिखलाचा रस्ता आणि जड ओझं यांसाठीच ती बनली आहे. पण पाटे वजनासाठी असतात. कुठल्याही पिकअपचा हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागची बाजू उसळते आणि मागच्या सीटवरच्या माणसाला ते लगेच कळतं.

नेक्सॉनचं इंजिन १.५ लिटरचं, ११५ पीएसचं. बॉडी आणि सांगाडा एकच, त्यामुळे गाडी हलकी आणि प्रवास मऊ. डिकी ३८२ लिटरची. युरियाच्या दोन-तीन गोण्या मावतील, पण वास आठवडाभर सोबत करेल!

जागा आणि पैसा

हायलक्सची लांबी ५.३२५ मीटर, नेक्सॉनची ३.९९५. सोसायटीतली पार्किंगची जागा बऱ्याचदा ५ मीटरचीच असते. म्हणजे पिकअपचं नाक शेजाऱ्याच्या वाटेत. बुकिंगआधी टेप घेऊन खाली उतरा आणि जागा मोजा.

लांबी ४ मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर कारवर कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा जीएसटी १८ टक्के आहे. म्हणूनच कंपन्या या गाड्या ३.९९ मीटरवर आणून थांबवतात. किमती बदलत राहतात, पण ढोबळ हिशेब असा, की एका हायलक्सच्या पैशात दोन डिझेल नेक्सॉन येऊ शकतात.

रोजचाच माल असेल तर?

मग गणित उलटं होतं. भाजीपाला, दूध किंवा दुकानाचा माल रोज न्यायचा असेल, तर डिकीचा उपयोग नाही. अशा घरांसाठी महिंद्रा बोलेरो कॅम्परसारखी गाडी आहे. पाच माणसं बसतात आणि मागे एक टनापर्यंत माल जातो. मात्र मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला पिवळी नंबर प्लेट येते. फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. परवान्याची काळजी नको. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पिकअपमध्ये करू नका. लग्न असो की जत्रा, हौद्यात माणसं बसवू नका, मुलांना तर नाहीच. तिथे ना सीट, ना बेल्ट. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

डिझेलच का?

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. गाडी मधूनमधून हायवेवर सलग चालली, की तो आपोआप साफ होतो. रोज फक्त तीन-चार किलोमीटर, तेही सिग्नलवर थांबत, असं चालवलं तर तो तुंबतो. तुमचं रोजचं चालणं एवढंच असेल, तर पेट्रोल गाडी बघा. दिल्ली-एनसीआरमधल्या वाचकांनी १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांचे ताजे नियमही आधी तपासावेत. ते बदलत राहिले आहेत.

एका वहीने वाद मिटवला

मावसभावाला मी एवढंच म्हटलं, "महिनाभर प्रत्येक फेरी वहीत लिही. कोण बसलं, काय नेलं." महिनाअखेरीस ५२ फेऱ्या झाल्या. त्यांतल्या १६ मावशींच्या फिजिओथेरपीच्या. डिकीत न मावणारा माल किती वेळा? तीनदा.

तरी त्याचं मन मानेना. मग टेस्ट ड्राइव्हला मावशींनाच सोबत नेलं. पिकअपजवळ त्या पायरीकडे बघत उभ्या राहिल्या. मुलाने हात दिला, सुनेने मागून आधार दिला, तेव्हा कुठे त्या वर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. छोट्या एसयूव्हीत मात्र दाराला धरून स्वतःच बसल्या आणि म्हणाल्या, "हिच्यात मी एकटीसुद्धा बसेन."

बुकिंग त्याच दिवशी झालं. त्या तीन फेऱ्यांसाठी आता गावातला पिकअप भाड्याने येतो.

तुम्हीही गाडी ठरवण्याआधी अशी वही लिहा. तिच्यात माल जास्त निघाला तर बिनधास्त हौदा घ्या, माणसं जास्त निघाली तर डिकी पुरे. आणि टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यायला विसरू नका.