बेटे : समुद्रातली आणि अरण्यातली

दक्षिण चीन समुद्रातील स्प्रॅटली द्वीपसमूहात २०१३ सालच्या अखेरीपासून चीनने जे केले, ते तंत्राच्या दृष्टीने नवे असले तरी वृत्तीच्या दृष्टीने जुनेच आहे. समुद्रतळाची वाळू उपसून प्रवाळखडकांवर टाकायची, तिच्यावर काँक्रीट ओतायचे, धावपट्टी बांधायची आणि मग भोवतालच्या पाण्यावर मालकी सांगायची, अशी ही पद्धत. सात खडकांवर मिळून सुमारे ३,२०० एकर जमीन अशी निर्माण करण्यात आली. फायरी क्रॉस, सुबी आणि मिसचीफ या तीन खडकांवर सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या धावपट्ट्या आल्या. या बेटांचे लष्करीकरण करण्याचा हेतू नाही, असे शी जिनपिंग यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनला सांगितले होते. त्या आश्वासनाचे आयुष्य अल्पच ठरले.

फिलिपाइन्सने दाखल केलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय लवादाने १२ जुलै २०१६ रोजी निवाडा दिला. त्यातील एक तत्त्व जपून ठेवण्याजोगे आहे. खडकाचा दर्जा त्याच्या नैसर्गिक स्थितीवरून ठरतो; त्यावर कितीही भर घातली तरी तो बदलत नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानेही कृत्रिम बेटाला स्वतःचा प्रादेशिक समुद्र नाकारला आहे. सारांश, बांधकामाने ताबा मिळतो, हक्क मिळत नाही. चीनने हा निवाडा झुगारला. परंतु या बाबतीत इतरांनीही चीनकडे बोट दाखवून नामानिराळे राहण्याचे कारण नाही. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरील रहिवाशांना घरादारांतून उठवण्यात आले, आणि ते काम ब्रिटनने केले.

ताबा आणि हक्क यांतील हा भेद समुद्रापुरता मर्यादित नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात तो तितकाच जिवंत आहे. येथे सार्वभौमत्वाचा वाद नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. एटापल्ली भारतात आहे आणि तेथे पोलीस पाठवण्याचा शासनाचा अधिकार कोणी समंजस माणूस नाकारणार नाही. वाद आहे तो अरण्यावरील व डोंगरावरील हक्काचा. हा तालुका पाचव्या अनुसूचीतील आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तेथील ग्रामसभेला जंगलाच्या कारभारात स्थान दिले आहे. दुसरीकडे सुरजागडच्या डोंगरावर सुमारे ३४८ हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. माडिया समाज ज्या डोंगराला ठाकूरदेवाचे स्थान मानतो, तोच हा डोंगर. उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, तर शंभर किलोमीटरहून अधिक दूर, गडचिरोली शहरात.

मार्च २०२३ मध्ये तोडगट्टा येथे प्रस्तावित खाणींविरुद्ध आदिवासींनी ठिय्या आंदोलन सुरू केले. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते उठवले. त्याच सुमारास जवळच वांगेतुरी येथे पोलीस मदत केंद्र उभे राहिले, आणि तेही एका दिवसात. जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा येथे त्याच गतीची पुनरावृत्ती झाली. या वेगाचे कौतुक झाले आणि प्रशासकीय कौशल्य म्हणून ते योग्यही असेल. परंतु जे शासन एका रात्रीत तटबंदी उभारू शकते, त्याला ग्रामसभेची संमती घेण्यासाठी मात्र वेळ मिळत नाही, या विसंगतीचा अर्थ काय?

शासनाची बाजू पोकळ नाही. नक्षलवाद्यांनी या भागात खबरी ठरवून आदिवासींनाच मारले. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला सत्तरहून अधिक वाहने जाळली. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला १५ पोलिसांचा आणि त्यांच्या चालकाचा बळी घेतला. बंदुकीच्या धाकाने गावाचे मौन मिळवायचे आणि त्यालाच जनतेचा कौल म्हणायचे, हा अपराध त्यांचाही आहे. पोलीस केंद्रामागून रस्ता आला, १ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाड्याला एस. टी. धावू लागली, हेही खरे. आजारी माणसाला खाटेवरून वाहून नेणाऱ्या गावाला रस्त्याचे मोल शहरातून शिकवण्याची गरज नाही. मात्र त्याच रस्त्याने रुग्ण जातो की केवळ खनिज जाते, हे विचारण्याचा अधिकार त्या गावाला आहे. संरक्षणाचा खर्च जनतेच्या तिजोरीतून आणि खनिजाचा नफा खाजगी ताळेबंदात, अशी विभागणी अर्थशास्त्राच्या कोणत्याही नियमाने न्याय्य ठरत नाही.

कसोटीचा काळ खरा आताच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. सशस्त्र केंद्रांचे समर्थन ज्या धोक्यावर उभे होते, तो धोका ओसरत आहे. यापुढेही केंद्रांची संख्या आणि खाणींचे क्षेत्र एकत्रच वाढत राहिले, तर ही केंद्रे नक्की कोणाच्या मदतीची, असा प्रश्न लोक विचारतील आणि त्यांना देशद्रोही म्हणून तो मिटणार नाही.

पर्याय जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. त्या हक्कासाठी तटबंदी लागली नाही. गावाने एकत्र बसून घेतलेला निर्णय पुरेसा झाला. एटापल्लीतही खाणीविषयीची सुनावणी खाणीच्या गावात आणि माडिया भाषेत व्हावी, दाखल झालेले सामूहिक वनहक्काचे दावे आधी निकाली निघावेत, आणि ग्रामसभेचा नकार हा नकारच मानला जावा. नियमगिरीच्या डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि त्यामुळे देश बुडाला नाही.

भोवतालच्या लोकांची संमती नसलेले ठाणे जमिनीवर असले तरी बेटच असते. त्याला रसद बाहेरून आणावी लागते आणि त्याचा विश्वास तटबंदीच्या आतच संपतो. प्रजासत्ताकाला आपल्याच अरण्यात अशी बेटे शोभत नाहीत.