रबराचं वय कोण मोजतो?

पुण्याजवळ चिखलीला १९९५ साली मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जोडली जाऊ लागली, तेव्हा लक्ष्मी रोडवर ती दिसली की चालणारा माणूस थबकायचा. आज तीच गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी असते आणि वॉचमनसुद्धा मालकाला सल्ला देतो, "साहेब, काढून टाका आता." कारण सगळ्यांना ठाऊक असतं. खड्ड्यात पुढून खडखड येते, ऐंशीच्या पुढे गाडी रस्ताभर हुंगत चालते आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक गप्प झालेला असतो. माझ्याकडे यातलीच एक, १९९६ची ई २२० आहे. तिच्यापायी मी जेवढे सल्ले ऐकले तेवढे मुलीच्या लग्नातही ऐकले नाहीत. त्यांतले बहुतेक चूक आहेत, आणि ते का चूक आहेत हे एकदा लिहून टाकावं म्हणून हा लेख.

सगळ्यात वजनदार आक्षेप आधी घेऊ. तो असा: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडीचा बाजारभाव दरवर्षी उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. जुनी मर्सिडीज छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळाली म्हणून तिचा लोअर आर्म त्या भावात मिळत नाही. हे अगदी खरं आहे, आणि ज्याने हा हिशेब न करता केवळ बॉनेटवरच्या ताऱ्यासाठी गाडी घेतली त्याच्याविषयी मला सहानुभूती नाही. पण यावरून 'सस्पेन्शन गेलं म्हणजे गाडी गेली' असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, असं विचारा. उत्तर येत नाही.

ते मी सांगतो. मर्सिडीजने १९८२ साली आपल्या '१९०' या छोट्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळे दांडे दिले, आणि पुढे तीच रचना डब्ल्यू १२४ला आली. एक दांडा चाकाला मागे जाऊ देत नाही, एक पुढे, एक त्याला कलू देत नाही, एक वळू देत नाही, आणि खालचा जाड आर्म स्प्रिंगचा भार घेतो. दांडे लोखंडी. समुद्रकाठचा गंज सोडला तर तीस वर्षांत त्यांचं फारसं काही बिघडत नाही. पण त्यांच्या टोकांना बुश असतात: आत नळी, बाहेर कडं आणि मध्ये दोन्हींना घट्ट चिकटलेलं रबर. डिझाइन करणाऱ्याची अर्धी अक्कल या रबरात आहे. गाडीच्या लांबीत ते जरासं दबतं, म्हणून खड्ड्याचा हिसका पाठीपर्यंत पोचत नाही. आडव्या अंगाने ते जवळजवळ हलत नाही, म्हणून वळणावर चाक आपली जागा सोडत नाही. ज्या चालीला आपण राजेशाही म्हणतो ती बरीचशी या मूठभर रबराची कमाई आहे. ते भेगाळलं की ब्रेक दाबताना चाक स्वतःच्या मर्जीने किंचित वळतं, आणि गाडी हुंगायला लागते. मग भंगारात टाकायचं काय? रबर टाका की.

भाग मिळत नाहीत ही ओरडही या गाडीपुरती टिकत नाही. जुन्या गाड्यांसाठी मर्सिडीजचं खास केंद्र जर्मनीत फेलबाखला १९९३पासून आहे. शिवाय लेमफर्डर, साक्स, बिल्स्टाइन हे मूळचे पुरवठादार तसाच माल स्वतःच्या डब्यात विकतात. लेमफर्डरच्या डब्यातल्या आर्मवर कधी कधी तारा घासून काढल्याची खूणसुद्धा दिसते.

दुसरं मत जास्त घातक, कारण ते जाहिरातीत छापून येतं: "डॉक्टरांची गाडी, फक्त चाळीस हजार चाललेली, सस्पेन्शन एकदम नवं." डॉक्टर आणि चाळीस हजार ही जोडी आपल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात अमर आहे. पण रबर जसं चालून झिजतं तसंच उभं राहूनही मरतं. ऊन, इंजिनची धग, गळणारं तेल आणि हवेतला ओझोन त्याला हळूहळू निकामी करत जातात. टायर घेताना आपण हे बरोबर ओळखतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, आणि दुकानदाराने सहा वर्षांपूर्वीचा माल दाखवला तर आपण भांडतो. त्याच गाडीखाली अठ्ठावीस वर्षांचा बुश लोंबत असतो, त्याचं वय मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा लेख त्याचाच विस्तार: बुश हा गाडीचा अवयव समजू नका, तेल-फिल्टरसारखी संपणारी वस्तू समजा, आणि तिचं आयुष्य वर्षांत मोजा. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी आरटीओकडून ती वाढवून घ्यावी लागते. माझी रबराची पाहणी मी याच तारखांना बांधली आहे. २०११, २०१६, २०२१. पर्यावरण कर भरायचा असतोच, त्याच महिन्यात गाडीखालीही डोकावतो.

आता 'शॉकअप'. आपल्याकडे गाडीखालून कुठलाही आवाज आला की पहिला बळी शॉकॲब्सॉर्बरचा जातो. मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी हलवायची, ती दोनदा डुलली की निकाल! या परीक्षेत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो. अर्धमेला पास होतो. आणि खडखडीचा शॉकअपशी संबंध असेलच असं नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम तिचं झुलणं थांबवायचं. तो गेला तर गाडी उड्या मारते, चाक रस्ता सोडतं, ब्रेकला जास्त अंतर लागतं. आवाज बहुतेकदा दुसरीकडूनच येतो. मी स्वतः एकदा एका गॅरेजच्या शब्दावर पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. शेवटी निघाला अँटिरोल बारचा बुश, तळहाताएवढाही नसलेला रबराचा तुकडा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तेव्हापासून टॉमी लावून प्रत्येक सांधा हलवून दाखवल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग जे फाटलंय तेवढंच बदलावं. हेही नाही. मागच्या पाच दांड्यांपैकी एकाचं रबर फाटलं असेल तर उरलेले चार त्याच दिवशी कारखान्यातून निघालेले त्याचे भाऊ आहेत. आज एक बदलला, दिवाळीत दुसरा, शिमग्याला तिसरा. प्रत्येक वेळी मजुरी आणि प्रत्येक वेळी व्हील अलाइनमेंट. शिवाय एका बाजूला नवं रबर आणि दुसऱ्या बाजूला जुनं असलं की गाडी कुरकुरते ती वेगळीच. म्हणून निदान एकेका सांध्याचं करा, बदल मात्र जोडीने आणि गटाने. सगळं सस्पेन्शन एकदम उतरवा म्हणणारा आणि वाजेल तेवढंच बघू म्हणणारा, दोघांनीही गाडीखाली वाकून पाहिलेलं नसतं.

जुगाडाची बाजू घेणाऱ्यांशी मात्र मला खरंच भांडायचं आहे. गतिरोधकाला पोट घासतं म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबतात. कागदावरच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीतला कसा असतो ते सांगायला नको, म्हणजे चीड समजू शकते. पण बफर घातला की तेवढे वेढे मुके होतात आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. गाडी उंच होते आणि बैलगाडीसारखी आदळते. गंमत म्हणजे या गाडीत उंचीची सोय कारखान्यानेच करून ठेवली आहे. स्प्रिंगच्या टोकाशी रबरी चकती असते, तिच्यावर एक ते चार उंचवटे असतात, आणि त्याप्रमाणे तिची जाडी ८, १३, १८ किंवा २३ मिलीमीटर असते. बसलेल्या स्प्रिंगला जाड चकती हा साधा उपाय. तो सुचवणारा मला आजवर एकच मिस्त्री भेटला.

पॉलियुरेथेनचे बुश हा दुसरा मोह. "लाइफटाइम, साहेब." असतील. पण रबर पिळलं जातं आणि सगळ्या दिशांना कमी-जास्त दबतं; पॉलियुरेथेन कडक असतं आणि नळीभोवती घासत फिरतं. पाच दांड्यांच्या रचनेत प्रत्येक सांध्याला तिरकं वाकावं लागतं. तिथे कडक बुश घातला की सांधे अडकतात आणि खडीचा कण न् कण सीटखाली कळतो. शर्यतीच्या गाडीत ते चालेल. आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दुसऱ्या गाडीचा काढलेला आर्म आणणं म्हणजे आपले गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या म्हाताऱ्याचे बसवून घेणं.

हवेवर तरंगणाऱ्या गाड्यांची गोष्ट थोडक्यात. १९९८च्या एस-क्लासपासून मर्सिडीजमध्ये एअरमॅटिक आलं. काही वर्षांनी हवेच्या रबरी पिशव्या घडीवर चिरतात, सकाळी गाडीचा एक कोपरा बसलेला दिसतो, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. मग कॉम्प्रेसर बदलतात. पिशवी तीच, म्हणून काही महिन्यांत नवाही जळतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! साबणाचं पाणी मारून बुडबुडे कुठे येतात ते आधी बघायला पैसे लागत नाहीत. हवा काढून साध्या स्प्रिंगा बसवणाऱ्यांना मी पापी म्हणणार नाही, पण विकताना त्यांनी ते सांगावं.

उरला शेवटचा वाद: कोणाकडे जायचं? एक पक्ष म्हणतो फक्त कंपनीत, दुसरा म्हणतो नाक्यावरचा मिस्त्री काय कमी आहे. मला पाटीशी देणंघेणं नाही. मी दोन प्रश्न विचारतो. पहिला: पुढचा शॉकअप काढताना लोअर आर्मला खालून टेकू देता का? या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअपभोवती नसते, शेजारी आर्मवर वेगळी बसलेली असते, आणि आर्मला खाली जाण्यापासून अडवतो तो शॉकअपच. चाक लोंबत असताना तो सोडला तर दाबलेली स्प्रिंग उसळून बाहेर येते. माणूस मरू शकतो. दुसरा: बुशचे बोल्ट शेवटचे कधी आवळता?

हा दुसरा प्रश्न माझ्या अनुभवातून आला आहे. एका चकचकीत गॅरेजने माझ्या गाडीचे मागचे सगळे दांडे बदलले, माल अस्सल, बिलही अस्सल. आठ महिन्यांत बुश फाटले. भाग ड्युप्लिकेट होता असं सगळे म्हणाले. नव्हता. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबलेली, आणि त्या अवस्थेत बोल्ट पक्के केले होते. बुशमधलं रबर नळीला आणि कड्याला चिकटलेलं असतं, बोल्टने नळी जखडली जाते, आणि मग आर्म हलतो तो फक्त रबर पिळूनच. लोंबत्या चाकाला जखडलेलं रबर गाडी खाली उतरताच पिळून बसतं. गाडी नुसती उभी असली तरी ते पिळलेलंच, आणि प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसू द्यायची, आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. अलाइनमेंट त्यानंतर. याला जास्तीचा भाग लागत नाही, अर्धा तास लागतो.

तेव्हा आपली म्हातारी गाडी गॅरेजात दिलीत तर चहाच्या टपरीवर जाऊन बसू नका, लिफ्टखाली थांबा. चाकं हवेत असताना कोणी शेवटचा बोल्ट आवळायला लागला, तर त्याचा हात धरा आणि गाडी आधी खाली घ्यायला सांगा.