विलीनीकरण 'अशक्य'? मराठवाड्याच्या बसचा विस्मृत इतिहास

१/ "एसटी हे महामंडळ आहे, शासकीय खाते नव्हे, म्हणून विलीनीकरणाची मागणीच अवास्तव." २०२१-२२ च्या संपात हे विधान इतक्यांदा उच्चारले गेले की ते सिद्धान्तासारखे भासू लागले. पाटोदा, आष्टी, गेवराईच्या भूमीवर ते इतिहासाला धरून नाही.

२/ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतूक विभाग काढला : २७ बस, १६६ कर्मचारी. रेल्वे सरकारच्या मालकीची, म्हणून बसही सरकारी. जिचा वर्धापनदिन आपण साजरा करतो ती नगर-पुणे एसटी धावली १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनंतर. १९५१ मध्ये हा विभाग रेल्वेपासून वेगळा होऊन थेट हैदराबाद सरकारचे खाते बनला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६१ मध्ये येथील वाहतूक महामंडळात मिसळली. विलीनीकरण येथे एकदा झालेलेच आहे, फक्त उलट्या दिशेने.

३/ राहिला तोट्याचा मुद्दा. तिकिटावरील साडेसतरा टक्के प्रवासी कर शासन घेते. सवलती शासन जाहीर करते, प्रतिपूर्तीची वाट महामंडळ पाहते. कर घेताना एसटी सरकारची, पगाराची वेळ आली की स्वायत्त!

४/ माझा मुख्य आक्षेप मात्र कामगार संघटनांवर आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस महागाई भत्त्यावर तडजोड होताच त्यांच्या संयुक्त कृती समितीने उपोषण मागे घेतले. आगारांतले कामगार थांबले नाहीत. वेतनकराराच्या चौकटीपलीकडे पाहण्याची सवयच नेतृत्वाला उरली नव्हती. म्हणून जवळपास सहा महिने कामगार संघटनांना ओलांडून लढले. त्या काळात आत्महत्यांच्या बातम्या आल्या, बडतर्फीचे आदेश निघाले. जेथे रेल्वे नाही त्या पाटोद्यासारख्या गावांतील विद्यार्थी आणि रुग्ण यांनीही त्याची किंमत मोजली. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामगार परतले, विलीनीकरणाविनाच.

५/ आंध्र प्रदेशाने जानेवारी २०२० मध्ये परिवहन महामंडळाचे कर्मचारी शासकीय सेवेत घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये तेलंगणाच्या विधानसभेनेही तसे विधेयक संमत केले. हैदराबादची ही बससेवा १९३२ च्या त्याच विभागातून वाढलेली, म्हणजे मराठवाड्याच्या एसटीची सख्खी बहीण. संघटनांनी पुढच्या मागणीपत्राला हे विधेयक जोडावे आणि त्यावर शासनाकडून लेखी उत्तर मागावे.