येळ्ळूरच्या चढावर
हौशी सायकल शर्यतीसाठी दूर जायची गरज नाही. बेळगावच्या अनगोळहून येळ्ळूरमार्गे राजहंसगडाचा चढ त्यासाठी पुरेसा आहे, असं माझं ठाम मत आहे. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून वर २१.१ किलोमीटर धावायचं असतं, आणि तिथेही बहुतेक जण नोकरीधंदा सांभाळूनच उतरतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली, तेही पेशाने डॉक्टरच. हा पैसेवाल्यांचा खेळ, असं म्हणणाऱ्यांचं खोटं नाही. चांगली सायकल महागच पडते. पण आपल्या तांबड्या मातीत पैसा सगळं करत नाही. उतारावर जांभ्याची खडी सुटते, पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की चाक सरकतं. पावसात त्याच मातीचा चिखल साखळीत रुतून गिअर अडवतो. तिथे रोज शिवारात जाणाऱ्या पोराची नजर भारी फ्रेमपेक्षा जास्त उपयोगी पडते. शर्यतीमुळे पिकाची नासाडी होईल, ही शेतकऱ्यांची धास्तीही रास्त आहे. म्हणून शर्यत भाताची सुगी उरकल्यावर, बांध सोडून गाडीवाटेनेच न्यावी, आणि ती वाट गावकऱ्यांनीच आखून द्यावी.