तिकिटावरचे तास, शरीराचे तास

अमेरिकेस मुलाकडे निघालेले एक मधुमेही गृहस्थ मला म्हणाले, “डॉक्टर, रात्री 2 वाजता मुंबई सोडायची आणि त्याच सकाळी साडेसातला न्यूयॉर्क! साडेपाच तासांचा तर प्रश्न.” तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

हिशेब सोपा आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचा प्रवास जूनमधला. साडेपाचांत साडेनऊ मिळवले की खरे तास 15. पडताळाही घ्यावा : अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी सुमारे 850, भागाकार पंधराच्या जवळच येतो.

औषधांचे वेळापत्रक याच आकड्यावर बेतावे लागते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. परतीच्या वेळी केवळ स्थानिक घड्याळ पाहून इन्सुलिन घेतल्यास दोन मात्रा जवळ येऊन रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून जाण्याचे व येण्याचे वेळापत्रक आधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन हातातील सामानातच ठेवावे. विमानाच्या पोटातील सामानात ते गोठून निकामी होऊ शकते.

चार तासांहून अधिक बैठकीत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. तेव्हा अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे.

तिकीट हाती येताच हा हिशेब मांडावा. सामान मागाहून बांधावे.